घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांना बसेल अशी छोटी दुर्बीण

साताऱ्यातल्याच एका ताईंचा प्रश्न आला आहे. घरात पाच माणसं. यजमानांना उणे साडेचारचा चष्मा, त्यात सिलिंडर नंबरही आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. कास, ठोसेघर, सज्जनगड अशा एका दिवसाच्या सहलींना न्यायला आणि एरवी गच्चीवरून पक्षी, चंद्र बघायला एक छोटी दुर्बीण हवी आहे. खर्चाची तयारी ८ ते १० हजारांची. यजमान म्हणतात १०×२५ घेऊ, जास्त मोठं दिसेल. दुकानदाराने ८×२१ पुढे केली. आणि ऑनलाइन ‘३०×६०’ लिहिलेली एक दुर्बीण हजार रुपयांच्या आसपास मिळते आहे, ती का घेऊ नये, असंही त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी उत्तर देतो. ८×२५ घ्या. यातला पहिला आकडा म्हणजे चित्र किती पट मोठं दिसतं ते, दुसऱ्याचं पुढे सांगतो. पाणी आत न जाणारी, मध्ये दोन बिजागऱ्या असलेली, आय रिलीफ १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. एवढं कागदावर लिहून दुकानात गेलात तरी काम होईल. पण समोर ठेवलेलं मॉडेल यात थोडं बसतंय, थोडं नाही, अशी वेळ हमखास येते. तेव्हा काय सोडायचं आणि कशावर अडून राहायचं हे कळावं म्हणून पुढचं सगळं लिहितो.

माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळ्यांची मापं घेणं हा रोजचा धंदा आणि पक्षी बघणं ही रविवारची आवड, त्यामुळे ओळखीपाळखीची माणसं बिघडलेल्या दुर्बिणी माझ्याकडे आणून ठेवतात. दुर्बिणी मी विकत नाही. त्या साफ करताना मालकांना विचारत असतो की वापर किती होतो. बहुतेकांचं उत्तर असतं, ‘घेतली तेव्हा चार दिवस बघितलं, नंतर माळ्यावर गेली.’ का, असं खोदून विचारलं की कळतं, घेणाऱ्याला तिच्यातून दिसायचं, घरच्यांना दिसायचं नाही. बायकोला दोन वेगवेगळी चित्रं दिसायची, मुलाला काळं दिसायचं, आजोबांचा चष्मा आड यायचा. म्हणून माझा आग्रह असा, की घरात सगळ्यांत अवघड डोळे ज्यांचे, त्यांच्या मापाने दुर्बीण निवडावी. तुमच्याकडे अशा तीन जोड्या आहेत: यजमान, धाकटा मुलगा आणि सासूबाई. तुम्हाला आणि मुलीला कुठलीही बरी दुर्बीण चालेल.

यजमानांपासून सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते. दुर्बिणीच्या मागच्या भिंगातून प्रकाश बाहेर पडतो, तो भिंगापासून काही अंतरावर जुळून येतो. डोळा नेमका तिथे असेल तरच पूर्ण गोल चित्र दिसतं. या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मा नसलेल्याला १० मिलिमीटरही पुरतात. चष्मा असलेल्याच्या डोळ्यात आणि चष्म्याच्या काचेतच १२ ते १४ मिलिमीटर जातात, वर काचेची जाडी वेगळी. अशा माणसाने १० मिलिमीटरवाली दुर्बीण लावली तर चित्राचा मधला तुकडाच दिसतो, कडा कापल्या जातात. आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नसते. हे माप बऱ्याचदा भिंगाच्या पृष्ठभागापासून धरलेलं असतं, आणि भिंग तर आयकपच्या, म्हणजे डोळ्याला टेकणाऱ्या कडेच्या, रिंगेत दोन-तीन मिलिमीटर आत बसवलेलं असतं. म्हणजे कागदावरचे १५ प्रत्यक्षात १२-१३ भरतात. म्हणूनच १५ ला मी किमान म्हणतो. १६ मिळाले तर जास्त बरं.

‘मग चष्मा काढून बघू, फोकस फिरवून नंबर भरून निघेल,’ असं पुष्कळ जण म्हणतात. अर्धं खरं आहे. फोकसचं चाक साधा उणे किंवा अधिक नंबर भरून काढतं, पण सिलिंडर नंबर काढू शकत नाही. सिलिंडर अर्धा-पाऊण असेल तर फरक जाणवणार नाही. एकच्या वर असेल तर पक्ष्याच्या पिसांवरच्या बारीक रेघा पुसट होतात. शिवाय छोट्या दुर्बिणींच्या चाकाला लांबचं बघताना उणे साडेचार भरून काढण्याइतकी जागा पुढे उरतेच असं नाही. चाक शेवटपर्यंत फिरलं तरी समोरचा डोंगर धूसरच राहतो. आणि कास पठारावर चष्मा एका हातात, दुर्बीण दुसऱ्या हातात आणि मुलगा तिसरीकडे पळतोय, ही कसरत रोज कोण करणार? यजमानांनी चष्मा लावूनच बघायचं, आयकप पूर्ण खाली फिरवून किंवा दुमडून. बाकीच्यांनी आयकप वर करून. आयकप फिरवून वर-खाली होणारा, मध्ये ‘टक’ करून थांबणारा असेल तर उत्तम. दुमडायचे रबरी आयकप चार-पाच वर्षांत चिरतात.

या एका मापामुळे काही चांगली मॉडेल तुमच्यासाठी बाद होतात. निकॉनची स्पोर्टस्टार ईएक्स ८×२५ उदाहरणादाखल घ्या. ३०० ग्रॅम वजन, पाण्याला पक्की आणि दृश्याची रुंदी ८.२ अंश, म्हणजे या आकारात खूपच मोठी. बिनचष्म्याच्या घराला मी ती खुशाल सांगेन. पण आय रिलीफ १० मिलिमीटर. यजमानांना ती रुंदी दिसणारच नाही. याउलट झाइसची टेरा ईडी पॉकेट ८×२५ आहे, तिला १६ मिलिमीटर आहेत आणि चष्मा लावून छान दिसतं, पण किंमत तुमच्या आकड्याच्या बरीच वर जाते. या दोन टोकांच्या मधलं शोधायचं आहे, आणि ते ८-१० हजारांत मिळतं.

आता धाकटा. आम्ही चष्मा करताना दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतो, पीडी म्हणतो त्याला. मोठ्या माणसाचं साधारण ६० ते ६५ मिलिमीटर असतं. सहा वर्षांच्या मुलाचं पन्नाशीच्या थोडं पुढे-मागे. आणि एकाच बिजागरीच्या बऱ्याच दुर्बिणी ५६ च्या आसपास येऊन थांबतात, त्याहून जवळ येतच नाहीत. मूल मग एकाच डोळ्याने बघतं आणि मोठी माणसं समजतात त्याला आवड नाही. दोन बिजागऱ्यांची दुर्बीण दोन्ही बाजूंनी आत दुमडते, त्यामुळे बहुतेक वेळा पुरेशी जवळ आणता येते, आणि खिशातही मावते. तुमच्या कुठल्याही चष्मेवाल्याकडे जाऊन मुलाचा पीडी मोजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. मग दुर्बिणीच्या माहितीपत्रकात ‘इंटरप्युपिलरी डिस्टन्स’ म्हणून दोन आकडे असतात, त्यातला लहान आकडा मुलाच्या मापापेक्षा कमी हवा. ही एक तपासणी केलीत तर घरातलं लहान मूल दुर्बिणीपासून तुटणार नाही.

सासूबाईंचं त्यामानाने सोपं आहे. मोतीबिंदू काढून बसवलेली लेन्स बहुतेक वेळा लांबच्या नजरेसाठी असते, त्यामुळे दुर्बिणीतून त्यांना चष्म्याशिवाय स्वच्छ दिसेल. ऑपरेशनमुळे दुर्बीण वापरायला काही अडचण नाही, फक्त दोन्ही डोळ्यांचे नंबर थोडे वेगळे राहिले असतील, त्याची तजवीज पुढे सांगतो. त्यांना त्रास होईल तो वजनाचा आणि हात हलण्याचा. आणि इथेच ८ की १० या वादाचा निकाल लागतो.

१० पटीत चित्र मोठं दिसतं, पण हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो. शांत खोलीत तिशीतल्या माणसाला हे कळत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरवणाऱ्या त्या वाऱ्यात उभं राहून बघा, किंवा बामणोलीहून वासोट्याकडे जाणाऱ्या लाँचमध्ये बसून. १० पटीत सगळं थरथरतं, ८ पटीत डोळा अजून तग धरतो. आणि मिळतं काय? ८० मीटरवरचा पक्षी ८ पटीत १० मीटरवर असल्यासारखा दिसतो, १० पटीत ८ मीटरवर. दोन मीटरचा फायदा. तोटा मात्र मोठा आहे, कारण दिसणारा परिसर आक्रसतो. चांगल्या ८×२५ मधून हजार मीटरवर साधारण ११९ मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. पाच अंशांच्या १०×२५ मधून ८७ मीटर. रुंदीचा फरक एवढाच वाटतो, पण क्षेत्रफळ काढलंत तर ८ पटीत पावणेदोनपटीहूनही जास्त जागा दिसते. उडणारी घार किंवा फांद्यांमधून टणाटण उड्या मारणारं शेकरू सापडणं या जागेवर अवलंबून असतं. मुलांना तर आधी सापडणं महत्त्वाचं, मोठं दिसणं नंतर. दोनदा सापडलं नाही की तिसऱ्यांदा ती दुर्बीण हातात घेत नाहीत.

दुसरा आकडा, २५ किंवा २१, हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. त्याला पहिल्या आकड्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×२५ मध्ये ३.१ मिलिमीटर, ८×२१ मध्ये २.६, १०×२५ मध्ये २.५. भर दुपारी आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची असते, त्यामुळे उन्हात तिघींत फरक दिसणार नाही. दुकानात, दिव्याखाली, काउंटरवरून समोरच्या पाटीकडे बघून तो कळणारही नाही. संध्याकाळी सज्जनगडावरून उरमोडीच्या पाण्याकडे बघाल, किंवा कोयनेच्या जंगलात झाडांच्या सावलीत शिराल, तेव्हा बाहुली मोठी होते आणि बारीक झोत अंधारा वाटायला लागतो. प्रकाश किती गोळा होतो ते भिंगाच्या क्षेत्रफळावर ठरतं. २५ चं भिंग २१ पेक्षा सुमारे ४० टक्के जास्त गोळा करतं. शिवाय झोत जाड असला की डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र जात नाही. सवय नसलेल्या माणसाला कडेने काळ्या सावल्या येतात ना, त्या कमी होतात. सासूबाई आणि मुलगा, दोघांसाठी हे मोलाचं. ८×२१ हलकी असते, साधारण २०० ग्रॅम, आणि एकट्याने खिशात टाकून फिरणाऱ्याला ती ठीकच आहे. घरासाठी मी वरचे शंभर ग्रॅम आनंदाने उचलेन.

मग ८×३२ का नाही, असं कुणी म्हणेल. चित्र नक्कीच जास्त उजळ आणि डोळ्याला आरामाचं. वजन मात्र साडेचारशे-पाचशे ग्रॅमवर जातं, आकार ओंजळभर होतो. मुलगी एक-दोन वर्षांत खरंच पक्षी बघायला लागली, वही करायला लागली, तर तिला तिची ८×३२ घ्या. घरची दुर्बीण मात्र अशी हवी की दाराजवळच्या खुंटीवरून उचलून निघता यावं, ‘आज ओझं नको’ असं कुणी म्हणू नये.

ती ‘३०×६०’ अजिबात घेऊ नका. पट्टी लावून तिचं पुढचं भिंग मोजा, साठ सोडाच, त्याच्या निम्मंही क्वचितच भरतं. खरोखर ६० मिलिमीटरची दोन भिंगं असलेली दुर्बीण किलोभर वजनाची होते, ती तळहातावर मावूच शकत नाही. आणि खरोखर ३० पट असती तर तिपाईशिवाय तिच्यातून काहीच बघता आलं नसतं. भिंगावर लालभडक चमक, खोक्यावर ‘नाइट व्हिजन’, पट कमी-जास्त करणारा झूमचा खटका, फोकसचं चाकच नसलेली ‘ऑटो फोकस’ दुर्बीण, यातली एकही खूण दिसली की पुढे जा. लाल थर लाल प्रकाश परत फेकतो, मग बघणाऱ्याला सगळं हिरवट दिसतं. झूमच्या स्वस्त दुर्बिणीत दोन नळ्यांची पट एकसारखी राहत नाही आणि डोकं दुखतं. हजार रुपयेच घालायचे असतील तर ते राखून ठेवा आणि दिवाळीपर्यंत थांबा.

काचेबद्दल थोडंच सांगतो. दुर्बिणीत भिंगं आणि प्रिझम मिळून काचेचे दहाच्या वर पृष्ठभाग असतात. थर न दिलेला प्रत्येक पृष्ठभाग चार-पाच टक्के प्रकाश परत फेकतो, आणि हे नुकसान साचत जातं. त्यामुळे ‘फुली मल्टिकोटेड’ हे शब्द शोधा, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर. नुसतं ‘कोटेड’ किंवा ‘मल्टिकोटेड’ लिहिलेलं असेल तर काही पृष्ठभाग कोरे असू शकतात. दुकानात ट्यूबलाइटखाली पुढच्या भिंगात बघा. प्रतिबिंबं मंद हिरवी-जांभळी दिसली तर ठीक, पांढरीफटक दिसली तर थर नाहीत. प्रिझम ‘बॅक-४’ काचेचा असला तर चांगलं. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे बघितलं की मागच्या भिंगात प्रकाशाचा छोटा ठिपका दिसतो, तो पूर्ण गोल हवा. कडा चौकोनी कापल्यासारख्या करड्या दिसल्या तर प्रिझम हलक्या प्रतीचा आहे. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत ‘फेज कोटिंग’ असलं तर बारकावे जास्त कोरीव दिसतात, पण तुमच्या बजेटमध्ये ते मिळालं नाही म्हणून अडू नका.

पाण्यावर मात्र अडून बसा. आपल्या भागात दुर्बीण जुनी होऊन खराब होत नाही, बुरशीने खराब होते. माझ्याकडे येणाऱ्या दुर्बिणींत तुटलेल्या थोड्या आणि बुरशी लागलेल्याच जास्त. जून ते सप्टेंबर हवेत ओल, त्यात ठोसेघरला धबधब्याचे तुषार, कासला ढग अंगावरून जाणार. ही वाफ साध्या दुर्बिणीच्या आत शिरते, आतून काच धुरकट होते आणि काही आठवड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. ते भिंगावरचा थर खातात. साफ केल्यावरही डाग राहतो. आत नायट्रोजन भरून बंद केलेल्या दुर्बिणीत हा धोका खूपच कमी. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे वरून चार थेंब पडले तर चालतील, एवढंच. ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘नायट्रोजन फिल्ड’ असे दोन्ही शब्द हवेत.

अशा दुर्बिणीला अपवाद म्हणून एकच सुचवेन, आणि तीही दुसरी दुर्बीण म्हणून, पुढेमागे जमलं तर. पेंटॅक्सची पॅपिलिओ टू ६.५×२१. ती वॉटरप्रूफ नाही, पण अवघ्या अर्ध्या मीटरवर फोकस होते. साध्या छोट्या दुर्बिणी दोन-तीन मीटरच्या आत धूसर होतात. कासला ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत लोक फुलांच्या गालिचाचा फोटो काढून परत फिरतात, आणि पायाशी असलेली ड्रॉसेरा नावाची कीटकभक्षी वनस्पती बघत नाहीत. बोटाच्या पेरापेक्षा लहान पानं, त्यावर चिकट थेंब, थेंबात अडकलेला चिलटाएवढा किडा. सीतेची आसवे नावाचं जांभळं फूलही तसंच, त्याच्या मुळांशी किडे पकडणाऱ्या बारीक पिशव्या असतात हे ऐकल्यावर मुलं वाकून बघायला लागतात. पॅपिलिओ हातात असेल तर वाटेवर उभं राहूनच हे सगळं दिसतं, पाऊल फुलांवर पडत नाही. कास पठार हा २०१२ पासून जागतिक वारसा असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, तिथे मुलाला ‘आत जाऊ नको, इथून बघ’ असं म्हणताना हातात काहीतरी देता यायला हवं. आय रिलीफ १५ मिलिमीटर आहे, त्यामुळे यजमानांनाही चालावी. मुलाच्या पीडीला पुरते का, ते मात्र घेण्याआधी मोजून बघा.

एक चांगली घ्यावी की मुलांना वेगळी साधी, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरी तो निघणारच. एकच चांगली घ्या आणि पाळी लावा. खेळण्यातली दुर्बीण मुलांना एवढंच शिकवते की दुर्बिणीतून नीट दिसत नाही.

पाळी लावायची म्हणजे प्रत्येक वेळी दुर्बीण नव्याने जुळवावी लागणार. ही पद्धत घरात सगळ्यांना शिकवा. आधी दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करायचं. मग उजव्या भिंगावर हात ठेवून, डावा डोळा उघडा ठेवून, मधल्या चाकाने लांबची एखादी पाटी स्पष्ट करायची. नंतर डावीकडे हात ठेवायचा आणि उजव्या डोळ्यासाठी डायॉप्टरची रिंग फिरवून तीच पाटी स्पष्ट करायची. ही रिंग बहुधा उजव्या आयकपखाली असते. दोन डोळ्यांतला फरक इथे भरून निघतो, सासूबाईंची तजवीज म्हणालो ती हीच. प्रत्येकाची रिंग जिथे येते तिथे नेलपॉलिशचा वेगळ्या रंगाचा बारीक ठिपका द्या. नंतर हातात आली की आपल्या रंगावर रिंग फिरवायची आणि मधलं चाक तेवढं वापरायचं.

मुलांना पक्षी सापडत नाही, कारण ती आधी दुर्बीण डोळ्याला लावतात आणि मग आकाशभर शोधत फिरतात. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, नजर त्याच्यावरून हलवायची नाही, आणि नजर तिथेच ठेवून दुर्बीण वर आणायची. आठवडाभर गच्चीवर हा सराव करा, समोरच्या पाण्याच्या टाकीवरचं नाव वाचायला लावा. मग तारेवर बसलेला वेडा राघू, नंतर नारळाच्या झाडावरची घार. हळद्या आणि तांबट शहरातही असतात, सकाळी आवाजाच्या दिशेने बघायला शिकवलंत तर मुलगी महिन्याभरात तुम्हाला दाखवायला लागेल. हात हलत असेल तर कोपरं बरगड्यांना टेकवायची, कठड्याला किंवा गाडीच्या टपाला टेकायचं, किंवा सरळ खाली बसून कोपरं गुडघ्यांवर ठेवायची. सासूबाईंना गडावर पायरीवर बसवून अशी दुर्बीण द्या, त्या सगळ्यांत जास्त वेळ बघतील.

रोजच्या वापराचं म्हणाल, तर पक्षी हे एक निमित्त झालं. माउलींची पालखी जिल्ह्यात आली की तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं. गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाला धावणाऱ्या अश्वाचा नुसता धुरळा दिसतो, ८ पटीच्या रुंद दुर्बिणीतून अश्व दिसतो. रंगपंचमीला बावधनचं बगाड लांबून, शेताच्या बांधावरून नीट बघता येतं. शाळेचं स्नेहसंमेलन, मैदानावरचा सामना, सगळीकडे चालते. हिवाळ्यात एखाद्या रविवारी मायणीच्या तलावाकडे, किंवा सांगली जिल्ह्यात सागरेश्वरला चितळांचे कळप बघायला जा. सकाळी लवकर. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते आणि लांबचं सगळं वितळल्यासारखं दिसतं, तो दुर्बिणीचा दोष नसतो आणि महाग दुर्बिणीनेही जात नाही. चंद्र बघायचा तर पौर्णिमेला नको. सप्तमी-अष्टमीला प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडतात, त्या ८ पटीतही दिसतात. गुरू आकाशात असेल तेव्हा कठड्यावर हात टेकवून बघा, त्याच्या शेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. गॅलिलिओने १६१० साली पाहिले ते हेच त्याचे चंद्र.

सूर्याकडे दुर्बीण कधीही लावायची नाही. हे मी चष्मेवाला म्हणून कळकळीने सांगतो. महाबळेश्वरला मावळतीच्या पॉइंटवर लाल गोळा बघून लोक सर्रास दुर्बीण उचलतात. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजताना काहीच दुखत नाही आणि काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग उमटतो. तो पुष्कळदा कायमचा राहतो. मुलांच्या हातात दुर्बीण असताना सूर्य पाठीशी येईल असं उभं करा, आणि गच्चीवर त्यांना एकटं सोडू नका. गच्चीवरून शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे दुर्बीण वळवायची नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका.

घरी ठेवताना सोबत मिळालेली रेक्झिनची पिशवी विसरा, ती ओल धरून ठेवते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळं जेल गुलाबी झालं की बदलायचं किंवा तव्यावर मंद गरम करून परत निळं करायचं. ठोसेघरहून भिजून आलात तर आधी कोरड्या कपड्याने बाहेरून टिपा, रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा, मग डब्यात. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन भिंगावर येतं. आणि पदराने किंवा शर्टाच्या टोकाने काच पुसू नका. कापडातली धूळ थरावर ओरखडे पाडते. आधी फुंकणीने धूळ उडवा, मऊ ब्रशने झटका, मग चष्म्यासोबत मिळतं तसं स्वच्छ मायक्रोफायबरचं फडकं.

विकत घेताना शक्य असेल तर यजमानांना आणि मुलाला सोबत घेऊन दुकानात जा. ऑनलाइन मागवलीत तर परतीची मुदत असेल अशाच ठिकाणाहून मागवा आणि आल्या दिवशी तपासा. गच्चीवर जाऊन अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरकडे बघा. टॉवरच्या कडेला जांभळी-हिरवी किनार थोडी दिसेल, तेवढी या किमतीत मान्य करायची. मग समोरच्या छपराची एखादी आडवी रेघ धरा आणि बघत बघतच दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्या. दोन्ही नळ्यांतली रेघ एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एकीत वर आणि दुसरीत खाली गेली तर नळ्या समांतर नाहीत. डोळे काही मिनिटं ओढून ते जुळवून घेतात, म्हणून दुकानात कळत नाही, आणि अर्ध्या तासाने कपाळ दुखायला लागतं. अशी दुर्बीण दुरुस्त करून देतो असं विक्रेता म्हणाला तरी ठेवून घेऊ नका, परत करून दुसरी मागा. शेवटी यजमानांना चष्मा लावून आणि मुलाला नळ्या पूर्ण जवळ करून एकेकदा बघू द्या, दोघांनाही गोलाची पूर्ण कड दिसते का ते विचारा. दोघांचं उत्तर ‘हो’ आलं की खोकं फेकायला हरकत नाही. वॉरंटीचं कार्ड मात्र त्याच डब्यात ठेवा.